‘इने’ हे जपानी नाव: अर्थ, इतिहास आणि आजची दुर्मिळता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानी शिकायला लागलं की साकुरा, युकी, हारु, आओई ही नावं लवकर ओळखीची होतात. ‘इने’ हे नाव मात्र पाठ्यपुस्तकातल्या संवादांत सहसा भेटत नाही. ते भेटतं जुन्या कुटुंब नोंदींत, थडग्यांवर, संग्रहालयातल्या पत्रांत आणि खूप वयस्क आज्यांच्या ओळखपत्रांवर. भात पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही, म्हणून मला ते मराठीत मांडावंसं वाटलं. माझं आजोळ भातखाचरांच्या काठचं आहे, तेव्हा थोडा पक्षपात होणारच.

‘इने’ म्हणजे नेमकं काय?

शेतात उभं असलेलं भाताचं रोप. मुळासकट, पात्यांसकट, लोंबीसकट. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांत बहुतेक ठिकाणी ‘तांदूळ’ असा अर्थ दिलेला दिसतो, आणि तो अपुरा आहे.

जपानी भाषेत या पिकाच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द आहे. शेतातलं पीक ‘इने’, लावणीआधीचं रोप ‘नाए’, लोंबी ‘हो’, तुसासकटचा दाणा ‘मोमी’, तूस काढलेला तांदूळ ‘कोमे’, शिजून पानात आलेला भात ‘गोहान’ आणि मागे उरलेला पेंढा ‘वारा’. इंग्रजीत यातल्या तीन-चार गोष्टींना एकच शब्द पुरतो आणि तिथूनच हा घोटाळा सगळीकडे पसरला. आपल्याकडे असा घोटाळा व्हायचं कारण नाही. कोकणात ‘भात कापलं’, ‘भात झोडलं’ म्हणतात तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर ताटातला भात येत नाही. ‘इने’ म्हणजे ते कापायचं भात, जुन्या मराठीतली साळ.

आणखी एक साम्य मला फार आवडतं. आपण भाताच्या जाती तयार व्हायला लागणाऱ्या दिवसांवरून हळवं, निमगरवं आणि गरवं अशा ओळखतो. जपानी शेतकरी त्यांना ‘वासे’, ‘नाकाते’ आणि ‘ओकुते’ म्हणतात. तोक्योतल्या वासेदा विद्यापीठाच्या नावात हाच ‘वासे’ आहे. वासेदा म्हणजे हळव्या भाताचं शेत.

उच्चार कसा करायचा?

इ आणि ने, दोन्ही ऱ्हस्व आणि सुटे. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘ए’ आपण नकळत लांबवतो, तो इथे आखडता घ्यायचा. सूर पहिल्या अक्षरावर किंचित वर असतो, दुसऱ्यावर खाली येतो. ‘ईने’ किंवा ‘इनी’ नको.

जपानीत हे नाव कसं लिहितात?

तीन तऱ्हा आहेत. भाताच्या चिनी चित्राक्षरात म्हणजे कांजीत, हिरागानात किंवा काताकानात. या शेवटच्या दोन उच्चारलिप्यांना मिळून ‘काना’ म्हणतात. जुन्या काळी सामान्य घरांतल्या मुलींची नावं बहुतेक वेळा कानातच, म्हणजे केवळ उच्चार दाखवणाऱ्या दोन अक्षरांत लिहिलेली असायची. कांजी शिकणं ही तेव्हा सगळ्यांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती, मुलींच्या तर नव्हतीच.

कांजीत लिहिलं तर चौदा रेघांचं अक्षर येतं. त्याचा डावा भाग धान्याचा आहे. उजव्या भागात, विशेषतः अक्षराच्या जुन्या रूपात, वर हात आणि खाली उखळ दिसतं. उखळातून हाताने काढलेलं धान्य. ज्यांच्या घरी उखळ-मुसळ होतं त्यांना हे अक्षर लक्षात ठेवायला दुसरी युक्ती लागणार नाही.

‘इना’ आणि ‘इने’ ही वेगळी नावं आहेत का?

मूळ एकच. पुढे दुसरा शब्द जोडला की ‘इने’चा ‘इना’ होतो. जपानीत पावसाला ‘आमे’ म्हणतात, पण छत्री ‘आमागासा’. आपल्याकडे ‘पाऊस’ला प्रत्यय लागला की ‘पावसा’ होतं, तसंच काहीसं. म्हणून इनादा, इनागाकी, इनामोरी या आडनावांत ‘इना’ ऐकू येतो. पौराणिक कथेत सुसानोओ हा देव आठ डोक्यांच्या सर्पापासून जिला वाचवतो त्या कुशिनादा राजकन्येच्या नावातही भाताचं शेत दडलेलं आहे.

हे नाव मुलींना का ठेवत असत?

एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानमध्ये संपत्ती तांदळात मोजत. माप होतं ‘कोकु’, साधारण १८० लिटर, म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ असं ढोबळमानाने धरत. सरदाराचा दर्जा त्याच्या मुलखाच्या कोकुवरून ठरे, सामुराईचा पगार तांदळात मिळे, शेतकरी साराही तांदळातच भरे. १८७३ च्या जमीन महसूल सुधारणेनंतर सारा रोख पैशांत आला. त्याआधीच्या पिढ्यांसाठी शेतातलं उभं भात हे अन्न होतं, कर होता आणि पैसाही होता. मुलीला ‘इने’ म्हणणं म्हणजे घरात धान्य आलं असं म्हणणं.

त्यात तक्रारीचा सूर नाही, नटवेपणाही नाही. ‘साकुरा’सारख्या नावात पाहणाऱ्याच्या डोळ्यांचं सुख आहे. ‘इने’ हे राबणाऱ्याने ठेवलेलं नाव आहे. वर्षभर पाण्यात वाकून जे उभं केलं, त्याचंच नाव लेकीला दिलं. या नावाची सगळी किंमत मला तिथे वाटते.

‘इने’ हे नकोशा मुलीला ठेवायचं नाव होतं का?

नाही. ही शंका मराठी वाचकाला येणं मात्र स्वाभाविक आहे, कारण दोन्हीकडे तशी नावं होती. ‘तोमे’ म्हणजे थांबव, ‘सुए’ म्हणजे शेवटची. एकामागून एक मुलं झाली की पुढे पुरे अशा अर्थाने ही नावं ठेवत. आपल्याकडची ‘नकुशा’ आठवते. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली होती.

दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवण्याची रीतही दोन्हीकडे दिसते. आपल्याकडे मूल जगत नसलं की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू म्हणत. जपानचा बलाढ्य सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने आपल्या पहिल्या मुलाला लाडाने ‘सुते’ म्हणजे टाकलेला असं म्हटलं होतं. ते मूल लहानपणीच गेलं. १५९३ मध्ये दुसरा झाला, त्याला ‘हिरोई’, उचलून आणलेला. एवढ्या मोठ्या राजवाड्यातसुद्धा भीती तीच होती.

‘इने’ या दोन्हींत बसत नाही. ते इच्छेचं, भरभराटीचं नाव आहे.

जुन्या कागदांत ‘ओ-इने’ असं का लिहिलेलं असतं?

‘ओ’ हा आदराचा आणि जिव्हाळ्याचा उपसर्ग. दोन अक्षरी स्त्रीनावांआधी तो सर्रास लावत: ओ-हारु, ओ-किकु, ओ-ताकी. आपण नावाच्या मागे ‘बाई’ किंवा ‘ताई’ लावतो, जपानी लोक पुढे ‘ओ’ लावत आणि मागे वर ‘सान’ही लावत. तो नावाचा भाग नाही.

मग हे नाव मागे का पडलं?

एका शब्दात सांगायचं तर ‘को’मुळे. ‘को’ म्हणजे बाळ, आणि हे अक्षर नावाच्या शेवटी लावण्याचा मान पूर्वी दरबारी घराण्यांतल्या स्त्रियांकडे होता. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जुने सामाजिक दर्जे मोडले. १८७२ पासून देशभर कुटुंब नोंदणी सुरू झाली, १८७५ मध्ये सामान्य लोकांनाही आडनाव लावणं सक्तीचं झालं. आडनाव आलं, शाळा आली, आणि मुलीला राजघराण्यासारखं ‘को’चं नाव देण्याची हौसही आली. जिचं नाव पूर्वी नुसतं ‘इने’ झालं असतं ती आता ‘इनेको’ झाली, मग ‘काझुको’, ‘साचिको’, ‘योशिको’.

मेइजी यासुदा ही विमा कंपनी दरवर्षी नावांची क्रमवारी जाहीर करते आणि तिची यादी १९१२ पर्यंत मागे जाते. त्या पहिल्या वर्षी मुलींत ‘चियो’ अव्वल आहे. १९२७ नंतर जवळजवळ पाव शतकभर बहुतेक वर्षी ‘काझुको’च पहिली दिसते. शोवा काळाच्या (१९२६ ते १९८९) आरंभी ‘को’ने न संपणारं मुलीचं नाव हीच वेगळी गोष्ट ठरली होती.

त्याच काळात मुलं शेतावरून गिरण्यांकडे आणि शहरांकडे निघाली. भाताचं नाव घेऊन शहरात वावरणाऱ्या मुलीला आपण खेड्यातल्या आहोत हे सांगावंच लागत नव्हतं. नाव मागे पडण्यात त्याचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

आज किती जणींचं हे नाव आहे?

आकडा देता येत नाही, कारण जपान सरकार नावांची राष्ट्रीय आकडेवारी प्रसिद्धच करत नाही. ज्या याद्या बातम्यांत येतात त्या विमा कंपन्यांच्या, बालसंगोपन मासिकांच्या आणि संकेतस्थळांच्या असतात, म्हणजे नमुन्यावर आधारलेल्या. ‘हे नाव इतक्या हजार मुलींचं आहे’ असा नेमका आकडा कुठे दिसला तर त्यावर विसंबू नका.

जुनी नावं परत येत आहेत म्हणतात. ‘इने’ येईल का?

जपानमध्ये विचित्र वाचनाच्या चमकदार नावांना ‘किराकिरा’ म्हणजे चकचकीत नावं म्हणतात. त्याच्या उलट, आजीच्या काळातली वाटणारी नावं म्हणजे ‘शिवाशिवा’, सुरकुतलेली. गेल्या काही वर्षांत या सुरकुत्यांना मान मिळू लागला आहे. ‘त्सुमुगी’ हे एका जाडसर हातमाग रेशमाचं नाव, आणि आज ते मुलींच्या लोकप्रिय नावांत अगदी वरच्या ओळीत असतं. ‘इतो’ म्हणजे धागा, ‘हाना’ म्हणजे फूल, हीही दोन अक्षरी जुनी नावं पुन्हा ऐकू येतात.

सूत परत आलं, भात अजून आलेलं नाही. कारण बहुधा असं की भाताबद्दलची माया जपानी आईबाप वेगळ्या शब्दांतून व्यक्त करतात. त्याविषयी पुढच्या उत्तरात.

भातावरून आलेली आजची नावं कोणती?

‘हो’ म्हणजे लोंबी हे अक्षर मुलींच्या नावांत भरपूर आहे: मिझुहो, शिहो, काहो, चिहो. मिझुहो म्हणजे टपोरी, रसरशीत लोंबी, आणि ‘मिझुहोचा देश’ हे जपानचं स्वतःचं प्राचीन कौतुकाचं नाव. मिनोरी म्हणजे पिकणं, दाणा भरणं.

आणि सानाए. लावणीसाठी तयार झालेलं भाताचं कोवळं रोप. कोकणात तरव्यातून उपटून मुठी बांधून खाचरात नेतात तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झालेल्या ताकाइची यांचं नाव सानाए आहे. म्हणजे इनेचीच आधीची अवस्था आज जपानमधल्या सगळ्यात परिचित स्त्रीनावांपैकी एक आहे.

‘योने’ म्हणजे तांदूळ हेही एक जुनं नाव. कोबेच्या सुझुकी शोतेन या प्रचंड व्यापारी पेढीच्या मालकीणबाई सुझुकी योने (१८५२ ते १९३८). १९१८ मध्ये तांदळाचे भाव भडकून जपानभर दंगली झाल्या, तेव्हा ही पेढी तांदूळ दाबून ठेवते अशा समजातून जमावाने तिची मुख्य कचेरी जाळली. तांदळाचं नाव असलेल्या बाईची पेढी तांदळापायी जळाली, हे वाचल्यापासून ते नाव माझ्या मनातून गेलेलं नाही.

कुसुमोतो इने कोण होत्या?

या नावाची सगळ्यात प्रसिद्ध स्त्री. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली जपानची पहिली स्त्री डॉक्टर म्हणून त्यांना ओळखतात.

जन्म १८२७, नागासाकी. तेव्हा जपान जगाला बंद होता. नागासाकीच्या बंदरातलं देजिमा हे छोटं कृत्रिम बेट तेवढं डच व्यापाऱ्यांना मोकळं होतं. तिथे १८२३ मध्ये फिलिप फ्रांझ फॉन झीबोल्ट हा जर्मन डॉक्टर डचांच्या नोकरीत आला. इने ही त्याची आणि कुसुमोतो ताकी यांची मुलगी. १८२८ मध्ये झीबोल्टकडे जपानचे नकाशे सापडले. ते परक्याजवळ असणं हा गंभीर गुन्हा होता. १८२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं, तेव्हा इने अवघी दोन वर्षांची होती. झीबोल्टने जपानी वनस्पतींचा अभ्यास पुढेही चालू ठेवला आणि एका हायड्रेंजियाच्या शास्त्रीय नावात ‘ओताक्सा’ हा शब्द घातला. ‘ओ-ताकी-सान’चंच ते रूप मानलं जातं. तेच फूल आज नागासाकीचं शहरपुष्प आहे.

निळसर डोळ्यांच्या, परक्या बापाच्या मुलीला त्या काळी काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करता येते. लोक तिला ‘ओरांदा ओ-इने’, म्हणजे हॉलंडवाली इने म्हणत. बापाच्या जपानी शिष्यांनी मात्र तिला अंतर दिलं नाही. निनोमिया केइसाकु यांनी उवाजिमाच्या मुलखात तिला वैद्यकाचे पहिले धडे दिले. पुढे ओकायामात इशिई सोकेन या दुसऱ्या शिष्याकडे ती प्रसूतिशास्त्र शिकली, आणि तिथेच त्या गुरूने तिच्यावर बळजबरी केली. १८५२ मध्ये तिला मुलगी झाली. तिचं नाव तिने ‘तादा’ ठेवलं, म्हणजे फुकट, आपसूक मिळालेली. पुढे ते ताकाको झालं. नावांवर लिहिणाऱ्याने या एका नावापाशी थोडं थांबावं. आईचं नाव भरल्या शेताचं आणि लेकीचं असं.

इने थांबली नाही. डच डॉक्टरांकडे नागासाकीत शिक्षण चालू राहिलं. १८५९ मध्ये झीबोल्ट परत आला तेव्हा तीस वर्षांनी बापलेकींची भेट झाली. १८७० मध्ये तिने तोक्योच्या त्सुकिजी भागात दवाखाना काढला, आणि १८७३ मध्ये सम्राट मेइजी यांच्या घराण्यातल्या एका प्रसूतीसाठी तिला बोलावण्यात आलं. त्यानंतर सरकारने डॉक्टरकीसाठी परवाना परीक्षा आणली आणि ती फक्त पुरुषांसाठी ठेवली. १८८४ मध्ये ती स्त्रियांना खुली झाली तेव्हा इने पन्नाशीच्या पुढे होती. ती परीक्षा पास होऊन १८८५ मध्ये ओगिनो गिंको पहिली परवानाधारक स्त्री डॉक्टर झाली. इने १९०३ मध्ये तोक्योत वारली.

तिच्या नावाचाही प्रवास आहे. उवाजिमाचे सरदार दाते मुनेनारी यांच्या सांगण्यावरून तिने ‘इतोकु’ हे भारदस्त नाव घेतलं. लोकांनी मात्र इनेच लक्षात ठेवलं.

आनंदीबाई जोशींशी या कथेचा काही संबंध आहे का?

इनेचा थेट नाही, पण तिच्या काळाचा आहे. आनंदीबाईंचं फिलाडेल्फियातलं १८८५ चं प्रसिद्ध छायाचित्र आठवा. नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतली ओकामी केइको आणि सीरियाची साबात इस्लामबूली. आनंदीबाईंना १८८६ मध्ये पदवी मिळाली, ओकामींना १८८९ मध्ये. कल्याणची मुलगी किमोनोतल्या मुलीशेजारी बसली होती, त्याच सुमारास जपानमध्ये इने परवान्याविना राहिलेली, उतारवयाकडे झुकलेली डॉक्टर होती.

नावाचा धागाही आहे. आनंदीबाई माहेरच्या यमुना. लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलण्याची आपली रीत जपानमध्ये नाही. तिथे लग्नानंतर नवराबायकोचं आडनाव एक असावं लागतं, आणि बहुतेक वेळा बदलतं ते बायकोचंच. तिचं स्वतःचं नाव मात्र तसंच राहतं. म्हणून जुन्या नोंदींत एखादी इने शोधायची तर नाव धरून शोधावं, आडनाव नव्हे.

या नावाच्या आणखी कोणी प्रसिद्ध स्त्रिया?

लेखिका साता इनेको (१९०४ ते १९९८) यांचं नोंदीतलं नाव इने होतं. ‘को’ टोपणनावात आला. त्याही नागासाकीच्याच. आणखी मागे गेलं तर सेनापती होंडा तादाकात्सुची मुलगी, सानादा नोबुयुकीची पत्नी कोमात्सुहिमे (१५७३ ते १६२०). तिला इनाहिमे म्हणत, हिमे म्हणजे राजकन्या.

मुलाचं नाव ‘इने’ असू शकतं का?

नुसतं ‘इने’ हे स्त्रीनावच. मुलांत ते जोडून येतं. नितोबे इनाझो (१८६२ ते १९३३) हे त्याचं उत्तम उदाहरण. त्यांच्या आजोबांनी आणि वडिलांनी उत्तर जपानच्या सानबोंगी या कोरड्या माळावर कालवा खणून पाणी आणलं होतं. तिथे पहिलं भात पिकलं म्हणून घरात जन्मलेल्या मुलाचं नाव इनानोसुके ठेवलं, तेच पुढे इनाझो. तो मुलगा शेतीशास्त्र शिकला आणि पुढे राष्ट्रसंघाचा उपमहासचिव झाला. १९८४ च्या पाच हजार येनच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. २०२४ पासून त्याच किमतीच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. त्यांचं लहानपणीचं नाव ‘उमे’ म्हणजे एक फळझाड, इनेसारखंच दोन अक्षरी.

इनारी देवाशी हे नाव जोडलेलं आहे का?

हो, शब्दाच्या मुळाशी. इनारी हा भाताचा आणि भरभराटीचा देव, त्याचे दूत कोल्हे. क्योतोतल्या फुशिमी इनारीची लाल तोरणांची रांग फोटोंतून सगळ्यांना माहीत आहे. ते देवस्थान परंपरेनुसार ७११ सालचं. जुनी कथा अशी: हाता नो इरोगु हा श्रीमंत माणूस मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचा गोळा, निशाण म्हणून लावून त्यावर बाण मारू लागला. त्या मोचीचा पांढरा पक्षी झाला, उडून डोंगरमाथ्यावर बसला आणि तिथे भात उगवलं. ‘इने नारी’, भात झालं. त्यावरून इनारी.

विजेचा शब्द याहून सुंदर आहे. ‘इनाझुमा’ म्हणजे इनेचा जोडीदार. भात फुलोऱ्यात असताना वीज चमकते आणि तिच्यामुळे दाणा भरतो, अशी जुनी समजूत होती.

क्योतोकडचं ‘इने’ गाव आणि नॉर्वेतलं ‘इने’ हेच का?

दोन्ही नाही. पाण्यावर उभ्या असलेल्या नौकाघरांसाठी प्रसिद्ध असलेल्या इने गावाचं नाव वेगळ्या कांजीत लिहितात, त्यात भात नाही. नॉर्वेत मुलींचं ‘इने’ हे नाव आहे, पण त्याचं मूळ निराळं. सातव्या-आठव्या शतकात इंग्लंडमध्ये वेसेक्सचा इने नावाचा राजाही होऊन गेला.

आज जपानमध्ये कुणी मुलीचं नाव ‘इने’ ठेवू शकतं का?

निश्चित. जन्मनोंद १४ दिवसांत करावी लागते. सातव्या रात्री ‘ओशिचिया’ करून नाव कागदावर लिहून घरात लावण्याची प्रथा आहे. आपलं बाराव्या दिवशीचं बारसंही या मुदतीत सहज बसलं असतं. नावात सरकारमान्य कांजी आणि कानाच चालतात, आणि भाताचं अक्षर नित्य वापराच्या यादीत आहे. २६ मे २०२५ पासून कुटुंब नोंदीत नावाचा उच्चारही नोंदवला जाऊ लागला. त्यामुळे या अक्षराचं वाचन ‘इने’ की ‘इना’ हा प्रश्न पुढच्या पिढ्यांना पडणार नाही.

मराठी मुलीचं नाव ‘इने’ ठेवावं का?

मला विचाराल तर अर्थ मनापासून आवडला असेल तरच. भाताशी नातं असलेल्या घराला ते नाव परकं नाही. जपानी भातशेतीशी आपली ओळखही जुनीच आहे. १९५३ पासून भारतात ‘जपानी पद्धतीच्या भातशेती’ची मोहीम चालली, ओळीत लावणी करण्याचा तो धडा होता. दसऱ्याला किंवा नव्याला दाराला भाताच्या लोंब्या बांधणाऱ्या घरांना हेही आवडेल की जपानी घरं नववर्षाला दारावर पेंढ्याचा दोर लावतात आणि त्यात अनेकदा लोंब्याही खोवतात.

अडचण एकच, व्याकरणाची. ‘इने’ हे मराठीत प्रत्ययासारखं ऐकू येतं. ‘इनेने सांगितलं’ म्हणताना जीभ अडखळते, आणि शाळेत बाई हजेरी घेताना नक्की दोनदा विचारतील.

जुन्या नोंदीत ‘इको’ असं दिसतं, ते इने असेल का?

असू शकतं, आणि ही चूक फार जणांकडून होते. १९०० मध्ये शाळांसाठी कानाची अक्षरं एकसारखी ठरवली गेली. त्याआधी एकेका उच्चाराला अनेक अक्षररूपं होती. ‘ने’साठी जे जुनं काताकाना चालत असे ते हुबेहूब ‘को’च्या, म्हणजे बाळाच्या कांजीसारखं दिसतं. जगातली सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून ओळखल्या गेलेल्या तानाका काने (१९०३ ते २०२२) यांचं नाव असंच लिहिलं जाई. आजचा वाचक ते सहज ‘काको’ वाचेल. तेव्हा पणजीच्या नोंदीत काताकाना ‘इ’ आणि त्यापुढे ते अक्षर दिसलं, आणि जन्म मेइजी काळातला असेल, तर आधी ‘इने’ वाचून पाहा. शेजारच्या बहिणींची नावं बघा. तिथे त्सुने, काने, योने अशी नावं त्याच अक्षराने संपत असतील, तर ती इनेच.